टीका केली की माणूस तुटतो का? एका पुस्तक प्रकाशनानंतर पडलेला प्रश्न

वाचनकट्टा_राजारामपुरी (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी, लिहू की नको असं करत पंधरा दिवस गेले, आज लिहितेच.

मागच्या महिन्यात इथंच कोल्हापुरात एका कवितासंग्रहाचं प्रकाशन झालं. कवी आमच्या नात्यातले, ह्यांच्या मावसभावाचे साडू, म्हणजे घरचंच कार्य. तीन वक्त्यांत माझं नाव घातलं होतं कारण मी अकरा वर्षं वाचनकट्टा चालवते आणि ताई मनापासून वाचतात असं त्यांचंच म्हणणं. मी पुस्तक दोनदा वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, वहीत टिपणं काढली. चौसष्ट कविता, त्यातल्या नऊ मला खरोखर आवडल्या, त्या का आवडल्या हे मी आधी दहा मिनिटं सांगितलं, दोन वाचूनही दाखवल्या. मग म्हटलं की आईवरच्या ज्या एकवीस कविता आहेत त्यांत पदर, चूल, भाकरी, घाम आणि जातं हे पाच शब्द इतक्यांदा येतात की कवीची आई दिसायची बंद होते आणि कॅलेंडरवरची आई दिसायला लागते, जातं तर आता फक्त कवितेतच उरलंय. बास, एवढंच. आवाज चढवला नाही, कुणाला हिणवलं नाही.

सभागृह एकदम गार पडलं. नंतर चहाला माझ्याशेजारी कुणी उभं राहिलं नाही. रात्री एकांचा फोन, "ताई, तुम्हाला बोलावलं कशाला होतं आणि तुम्ही केलं काय." दुसऱ्या दिवशी एका साहित्यिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलं. घरात सासूबाई म्हणाल्या, चार शब्द चांगले बोलून आली असतीस तर काय बिघडलं असतं?

काय बिघडलं असतं ह्याचा मी खूप विचार केला आणि माझं उत्तर असं आहे की त्या नऊ कवितांचं बिघडलं असतं. आपल्याकडं दर आठवड्याला कुठं ना कुठं प्रकाशन असतं आणि प्रत्येक पुस्तक "अप्रतिम", प्रत्येक कवी "संवेदनशील मनाचा", प्रत्येक कादंबरी "मातीशी नाळ जोडणारी". चौसष्टच्या चौसष्ट कवितांना अप्रतिम म्हटल्यावर त्या नऊ कविता इतर पंचावन्नमध्ये बुडून गेल्या ना? ज्या नऊसाठी त्या माणसानं खरंच रात्री जागवल्या त्या कुणाच्या लक्षातच येणार नाहीत.

आणि हे फक्त कवितेचं नाही. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला जाऊन बघा, सभासदानं ताळेबंदावर एक साधा प्रश्न विचारला की पहिलं काय विचारतात, तर "हा कुठल्या गटाचा?" प्रश्नाचं उत्तर राहतं बाजूला आणि "मंजूर, मंजूर" च्या ओरड्यात विषय संपतो. तालीम मंडळ असो, सोसायटी असो, घरातलं लग्न असो, प्रश्न विचारणारा म्हणजे विरोधक हे आपलं ठरलेलं आहे. मला विचारायचंय, टीका करणाऱ्याचं काम नक्की काय असतं? आणि जिथं सगळे सगळ्यांचे पाहुणे आहेत अशा गावात ते करायचं कसं?

मंगळवारपेठी

ताई तुम्ही बोलला ते खरं असंल पण जागा चुकली. प्रकाशन म्हणजे पुस्तकाचं बारसं. बारशाला जाऊन पोराचं नाक बसकंय असं कुणी म्हणत नाही. आठ दिवसांनी घरी जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी चहा पाजून ऐकून घेतलं असतं.

वाचनकट्टा_राजारामपुरी

हे मला घरात पण सांगितलं आणि मी त्यावर विचार केला. पण मग जागा कुठली ते सांगा. पेपरात पुस्तक परिचय येतो त्यात मागच्या पानावरचा मजकूर उचललेला असतो. मासिकं बंद पडत चाललीत, जी आहेत ती किती जण घेतात. घरी जाऊन सांगितलं तर ते कवीला कळेल, पण त्या दिवशी तिथं दीडशे माणसं बसली होती, त्यातल्या साठसत्तर जणांनी पुस्तक विकत घेतलं, त्यांना काय? मी त्यांच्यासाठी पण बोलत होते. आणि बारशाची उपमा मला पटत नाही, पोर आपण निवडून घेत नाही, कवितेतला शब्द कवी निवडतो.

जुनी_पानं

मी वयानं पंच्याहत्तरीचा, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

ताई, आपल्या भाषेत टीका हा शब्द मुळात वाईट नव्हताच. ज्ञानेश्वरीच्या शेवटी काय आहे, "शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें." म्हणजे मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ हीच एक टीका आहे, गीतेवरची. टीका म्हणजे उलगडून दाखवणं, जे दाट आहे ते पातळ करून समोरच्याच्या ओंजळीत घालणं. तो अर्थ आपण कधी हरवला आणि टीका म्हणजे शिव्या असं कधी झालं ते मला सांगता येणार नाही, पण शब्दाबरोबर कामही हरवलंय.

आणि कोल्हापुरात हे चालत नाही असं म्हणू नका. ना. सी. फडके इथं राजाराम कॉलेजात शिकवत होते, वि. स. खांडेकर शिरोड्याहून इथं येऊन स्थायिक झाले. एक म्हणायचे कलेसाठी कला, दुसरे म्हणायचे जीवनासाठी कला, सगळा महाराष्ट्र दोन बाजूंना वाटला गेला होता. आमच्या वडिलांच्या पिढीत ह्या वादावर चहाच्या टपरीवर भांडणं व्हायची. म्हणजे लोकांना पुस्तकावरून भांडायला काहीतरी मिळत होतं आणि भांडायला पुस्तक वाचावं लागत होतं.

मी नोकरीला लागल्यापासून करवीर नगर वाचन मंदिराचा सभासद आहे, ती संस्था १८५० सालची. तिथं जुने मासिकांचे अंक काढून बसलं की दिसतं, एकेका पुस्तकावर आठआठ दहादहा पानं लिहिलेली, उतारे देऊन, इथं लेखक घसरला इथं उठला असं दाखवत. लेखकानं पुढच्या अंकात उत्तर दिलेलं. आता असं कुणी लिहिलं तर कोण वाचणार हा प्रश्न रास्त आहे, पण निदान बोलणाऱ्याला तरी बोलू द्या.

रोखठोक_इचलकरंजी

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

समीक्षक समीक्षक म्हणून एवढं कौतुक करताय पण ह्याच लोकांनी वर्षानुवर्षं काय केलं? ज्यांची भाषा घरात बोलायची, शेतातली, कारखान्यातली, वस्तीतली, त्यांना सांगितलं तुमचं व्याकरण चुकतं, तुमचं लिखाण म्हणजे आक्रोश आहे साहित्य न्हाई. महात्मा फुल्यांच्या भाषेची चेष्टा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत केली ती टीकाच होती ना? माझ्या आजोबांच्या पिढीनं हातमागावर बसून पदं रचली, त्यांना कवी कोण म्हणालं? दलित साहित्य आलं तेव्हा "ह्यात सौंदर्य कुठाय" विचारणारे कोण होते? म्हणून मला टीकाकार म्हटलं की दारावर बसलेला वॉचमन आठवतो. वाचक ठरवेल की काय चांगलं ते, मधी कोण कशाला पाहिजे.

वाचनकट्टा_राजारामपुरी

दादा राग कशाला मानू, ह्या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही मांडलाय. मला ह्यावर लगेच उत्तर सुचत नाहीये, जे सुचतंय ते अर्धवट आहे. कुणी अभ्यास केलेलं असेल तर लिहा.

कागलचा_मास्तर

रोखठोक भाऊंनी चिपळूणकर-फुले काढलंच आहे तर त्याच्या पुढची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या कोल्हापूरवरूनच घडलीय आणि वर्गात पोरांना सांगताना दर वेळी माझा गळा भरून येतो.

१८८१ साली टिळक, आगरकर, चिपळूणकर मंडळींनी केसरी आणि मराठा काढले. त्यावेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज, वय लहान, आणि कारभारी माधवराव बर्वे. महाराजांचा छळ होतोय अशा बातम्या बाहेर येत होत्या. केसरी आणि मराठानं बर्व्यांवर कडक टीका केली आणि पुरावा म्हणून काही पत्रं मिळाली होती ती धरून लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली तरी १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले, आगरकरांनी त्या दिवसांवर पुढं पुस्तकच लिहिलं.

आता जामिनाची वेळ आली तेव्हा दहा हजारांचा जामीन कोण राहिलं? सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे, फुल्यांचे माणूस. ज्या वर्तुळातून फुल्यांच्या भाषेची टिंगल झाली त्याच वर्तुळातल्या दोघांसाठी फुल्यांचा माणूस उभा राहिला, आणि ते सुटून आल्यावर सत्यशोधकांनी त्यांचं स्वागत केलं. म्हणून फुले मऊ पडले का? अजिबात नाही. तीनच वर्षांनी, १८८५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकार सभेचं बोलावणं पाठवलं तेव्हा फुल्यांनी जे पत्र लिहिलं ते काढून वाचा. जे आम्हाला माणूस म्हणून हक्क देत नाहीत त्यांच्या सभांत आणि पुस्तकांत आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही असं त्यांनी सरळ सांगितलं आणि त्या ग्रंथकारांना "घालमोडे दादा" म्हटलं. आजही इतकं धारदार पत्र मराठीत दुसरं सापडायचं नाही.

तर भाऊ, फुले हे पण टीकाकारच होते की. वॉचमन दारावर होता हे तुमचं शंभर टक्के खरं, पण ते दार ज्यांनी धक्का मारून उघडलं त्यांनी पण टीकाच केली. टीका नको म्हटलं तर पहिला तोटा वॉचमनचा नाही होणार, बाहेर उभं राहिलेल्याचा होणार.

आणि त्याच खटल्यातनं दुसरं मला नेहमी वाटतं, महाराजांबद्दलची कळकळ खोटी नव्हती, पुढच्याच वर्षी १८८३ च्या डिसेंबरात महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू झाला. म्हणजे काळजी खरी, पण हातातला कागद खोटा, आणि कागद खोटा निघाल्यावर खऱ्या काळजीचं पण वजन गेलं. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट बघून जे कुणी कुणाला झोडपतात त्यांना मी हे सांगत असतो.

रोखठोक_इचलकरंजी

सर जामिनाचं मला म्हाईत नव्हतं. खरंच म्हाईत नव्हतं. पण माझा मुद्दा अजून उरतोय. फुले, आंबेडकर म्हणजे डोंगराएवढी माणसं. मी बोलतोय ते साध्या समीक्षकाबद्दल, कॉलेजात शिकवणारा, परीक्षण लिहिणारा. त्याला जे जगणं म्हाईत नाही त्याच्यावर तो निकाल कुठल्या हक्कानं देतो?

विद्यापीठ_रोड

मी शिवाजी विद्यापीठात मराठी एम. ए. करतेय, थोडं लिहू का.

रोखठोक दादांच्या प्रश्नावर मला एक उदाहरण आठवतं. नामदेव ढसाळांचा गोलपिठा हा मुंबईतल्या वेश्यावस्तीवरचा कवितासंग्रह १९७२ चा, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांना त्या कवितांमधले कितीतरी शब्द कळले नाहीत. मग त्यांनी काय केलं, तर ढसाळांना विचारलं, त्यांच्याबरोबर त्या वस्तीत फिरले, आणि आपल्याला कळलं नव्हतं हे लपवून न ठेवता प्रस्तावनेतच लिहिलं. आमच्या मॅडमनी हे शिकवलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की समीक्षा म्हणजे नुसतं वरून बघणं नाही. जे जगणं माहीत नाही तिथं आधी पायानं जायचं, मग बोलायचं. बाबुराव बागुलांचं, ढसाळांचं लिखाण जुन्या मापात बसत नव्हतं तर माप बदला असं म्हणणारे पण समीक्षकच होते, आणि दलित साहित्याचं सौंदर्यशास्त्र म्हणून वेगळी मांडणी त्याच लेखकांच्या पिढीनं स्वतः केली, शरणकुमार लिंबाळेंचं त्या विषयावर पुस्तकच आहे. मग वाचक ठरवेल म्हणताना तो वाचक पण कुठल्यातरी मापानंच ठरवणार ना? ते माप उघड्यावर आणून ठेवायचं, हे काम समीक्षेचं, असं मला वाटतं.

अजून एक सांगायचंय, ताईंच्या अनुभवाबद्दल. त्या तीन वक्त्यांत बाकीचे दोघे पुरुष असणार असा माझा अंदाज आहे. बाई स्टेजवर येऊन गोड बोलली की "किती ओघवतं", आणि कवितेतलं काही दाखवलं की "फार शहाणी समजते". मी गेल्या वर्षी एका नाटकावर फेसबुकवर लिहिलं, नाटकातल्या बायका फक्त चहा आणायला येतात एवढंच, तर खाली माझ्या फोटोवर कमेंट. नाटकावर एक पण नाही. १९७५ ला कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण स्वतः केंद्रात मंत्री, ते व्यासपीठावर बसलेले असताना दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध बोलून दाखवलं आणि जयप्रकाश नारायणांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. कऱ्हाड इथून दीड तासावर. मी एसटीनं तिथून जाताना दर वेळी ते आठवते आणि मला धीर येतो.

मंगळवारपेठी

वा पोरी. फोटोवर कमेंट करणाऱ्यांची नावं दे म्हटलं असतं पण तू म्हणशील तो मार्ग न्हवं. बरोबर हाय.

मी वाचनातला माणूस न्हाई, तालमीतला. तालमीत कसं असतं, वस्ताद चूक दाखवतो, रोज दाखवतो, मान कुठं टाकलीस पाय कुठं ठेवलास. पण मैदानात न्हाई दाखवत. खासबागेत कुस्ती चालू असताना वस्ताद आपल्या पठ्ठ्याला शिव्या देत न्हाई, घरी आल्यावर देतो. म्हणून मी पहिल्यांदा जागेचं बोललो.

वाचनकट्टा_राजारामपुरी

दादा तुमची उपमा मला आवडली आणि ती मी दोन दिवस डोक्यात घोळवली. पण मला वाटतं वस्ताद आणि टीकाकार ह्यांत एक मोठा फरक आहे. वस्ताद पैलवानाचा असतो. टीकाकार कवीचा नसतो, तो वाचणाऱ्यांचा असतो. खासबागेत वर मातीच्या पायऱ्यांवर बसलेले जुनेजाणते असतात बघा, शेजारच्या पोराला सांगतात, तो बघ आता ढाक लावणार, अरे पकड सुटली, का सुटली तर कोपर बाहेर गेलं. ते पैलवानाशी बोलत नसतात. त्यांच्यामुळं शेजारी बसलेल्या पोराला कुस्ती दिसायला लागते, नाहीतर त्याला नुसती दोन माणसं झटापट करताना दिसली असती. मला ते काम करायचंय. आणि असं बघणारे मैदानात असले की पैलवानाला पण नूरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली कुस्ती, करायला जड जातं.

मंगळवारपेठी

हे पटलं. नूरा कुस्तीचं तर फारच पटलं.

पंचगंगेचा_शेजारी

साहित्यातलं मला कळत नाही, पण राजकारण-समाजाचं धाग्यात आलंय म्हणून लिहितो. आमचं घर नदीकडं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं, २०२१ ला परत आलं. पहिल्या पुरानंतर आम्ही आठदहा जणांनी ठरवलं की नुसतं "प्रशासन झोपलंय" म्हणायचं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात पातळीचे आकडे रोज जाहीर होतात, ते आम्ही वहीत लिहायला लागलो, अमुक फुटाला आमच्या गल्लीत पाणी कुठं येतं, कुठल्या भरावामुळं ते वळतं, हे खुणा करून ठेवलं. पुढच्या बैठकीला ही वही घेऊन गेलो. आधी आम्हाला म्हणायचे तुम्ही अमक्या पक्षाचे. वही टेबलवर ठेवल्यावर तो प्रश्न कुणी विचारला नाही, कारण वहीतले आकडे कुठल्या पक्षाचे आहेत ते सांगता येईना. सगळी कामं झाली असं नाही म्हणत, एक भराव अजून तसाच आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण निदान बोलणं पाण्याबद्दल झालं.

आणि आम्हाला पटलेली दुसरी गोष्ट, आपल्या गल्लीतल्या माणसानं ओढ्यावर बांधकाम केलं तर ते पण त्याच वहीत लिहायचं. ते लिहिल्यावर शेजारी सहा महिने बोलत नव्हता. आता बोलतो.

जुनी_पानं

ह्या वहीसाठी तुम्हाला नमस्कार करतो.

कॉम्रेड गोविंद पानसरे ह्यांना मी भाषणात खूपदा ऐकलंय. शिवाजी कोण होता ही त्यांची छोटीशी पुस्तिका, मूळ भाषणावरून झालेली. त्यांची सवय अशी की समोरच्या सभेत कोण बसलंय, काय शिकलंय हे बघून साध्या शब्दांत बोलायचं आणि रयतेच्या बाजूचा राजा म्हणजे काय ते शेतसाऱ्याच्या, वतनदारांच्या, सैन्यानं पिकाच्या देठाला हात लावू नये ह्या आज्ञेच्या गोष्टी सांगत उलगडायचं. ज्यांना पटत नव्हतं ते उठून प्रश्न विचारू शकायचे. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर आणि उमाताईंवर इथंच, आपल्या गावात गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. पुस्तिकेला उत्तर पुस्तिकेनं द्यायचं असतं. त्या दिवसांत मी रस्त्यावर उतरलो होतो, वयाच्या पासष्टीत, आणि आजूबाजूला ज्यांचं कॉम्रेडांशी आयुष्यभर पटलं नाही अशी पण माणसं चालत होती.

कागलचा_मास्तर

काका, तेच.

लेखक आणि टीकाकार एकमेकांचे वैरी असतात असा जो समज आहे त्यावर अजून एक आपल्या जिल्ह्यातलंच सांगून थांबतो. चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई. श्रीमान योगीच्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे ती मुळात कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं पत्र आहे. शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहायला घेतली तर इतिहासातले कुठले कुठले अवघड प्रश्न आडवे येतात हे त्यात एकामागून एक मांडलंय, कौतुकाचा चहा-बिस्किट कार्यक्रम नाही तो. एवढे कठीण प्रश्न विचारणारं पत्र लेखकानं स्वतःच्या पुस्तकाच्या दारात लावलं. कित्येक लोक आजही सांगतात की आम्ही आधी प्रस्तावना वाचली आणि मग कादंबरी. मी स्वतः त्यातला एक.

एकवीसावी_ओळ

मला कुणीतरी हा धागा पाठवला. ज्या पुस्तकाबद्दल ताईंनी लिहिलंय ते माझं आहे. नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच.

ताई, त्या रात्री जो फोन आला तो मी करायला सांगितला नव्हता आणि ग्रुपमधनं काढलं ते मला चार दिवसांनी कळलं. पण मी गप्प राहिलो हे खरं, कारण मला लागलं होतं. सभागृहात माझी बहीण बसलेली होती. आईवरच्या कविता आई गेल्यावर दोन वर्षांत लिहिल्यात, त्यांना कॅलेंडरवरची आई म्हटल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आज धागा सगळा वाचला. मास्तरांचं जामिनाचं दोनदा वाचलं. मला एक सांगायचंय आणि एक विचारायचंय.

सांगायचं हे, पान ४१. तुम्ही म्हणालात जातं आता फक्त कवितेतच उरलंय. आमचं घर चिखलीला. २०१९ ला घरात छतापर्यंत पाणी होतं, उतरल्यावर गाळ काढताना आईच्या जात्याचा खुंटा माझ्या हाताला लागला, वरची तळी सापडली, खालची नाही. ती कविता तिथून आलीय. ते जातं मी कुठल्या दुसऱ्या कवितेतून आणलेलं नाही.

विचारायचं हे, बाकीची पानं कुठली? तुमच्या वहीत असतील.

वाचनकट्टा_राजारामपुरी

तुमचं वाचून मी पुस्तक परत काढलं. पान ४१ वाचलं. "एक तळी हाताशी, एक नदीपाशी" ही ओळ तिथंच आहे, पूर आहे, गाळ आहे, सगळं आहे, आणि मी जातं हा शब्द दिसल्याबरोबर तिथं खूण करून पुढं गेले होते. पाच शब्द मोजायचे ठरवलं होतं म्हणून मोजत गेले, वाचलं नाही. ती चूक माझी आहे आणि मी ती दीडशे माणसांसमोर केली, म्हणून इथं सगळ्यांसमोर मान्य करते. ही कविता माझ्या नऊमध्ये हवी होती. आता दहा.

तुमच्या बहिणीला लागलं असेल त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. "कॅलेंडरवरची" हा शब्द मी टाळायला पाहिजे होता, जे म्हणायचं होतं ते त्याच्याशिवाय म्हणता आलं असतं.

बाकीचं मात्र मी मागं घेत नाही, कारण परत वाचल्यावर पण तसंच वाटलं. पान १२, १७, १९, २६, ३३, ३४, ५२. ह्या सात कवितांत पान ४१ सारखं तुमचं स्वतःचं काही मला सापडत नाही. १७ मध्ये आई चुलीपुढं बसलीय, धूर आहे, डोळ्यात पाणी आहे, पण ती चूल कुठल्या घरातली, ती काय शिजवत होती, तिला राग यायचा का, ती कशावर हसायची, काही कळत नाही. पान ४१ वर एक तळी हरवलीय आणि तेवढ्यानं ती बाई माझ्या डोळ्यासमोर उभी राहिली. ३३ मध्ये "घाम" आठ वेळा आहे.

रोखठोक_इचलकरंजी

ताई मी ह्या धाग्यावर भांडायला आलो होतो. वॉचमनचं जे बोललो ते मागं घेत न्हाई, असले वॉचमन अजून हायत. पण असं पान नंबर सांगून आणि स्वतःचं चुकलं ते आधी सांगून कुणी माझ्या आजोबांच्या पदांवर बोललं असतं तर मला चाललं असतं. त्यांची वही घरात हाय, चाळीसेक पदं असतील, अक्षर लागत न्हाई नीट. कट्ट्यावर आणली तर कोण वाचेल का?

विद्यापीठ_रोड

दादा मी वाचते. मोडी आहे का बाळबोध? मोडी असेल तर माझी एक मैत्रीण शिकलीय, तिला पण घेऊन येते.

रोखठोक_इचलकरंजी

बाळबोधच हाय पण पेन्सिलीनं लिहिलेलं, पुसट झालंय.

एकवीसावी_ओळ

ताई, १७ चं मला पटलं नाही. ती चूल माझ्या आजोळची आहे, ते कवितेत आलं नसेल पण मला लिहिताना दिसत होतं. आलं नसेल तर तो प्रश्न माझा, हे आत्ता लिहिता लिहिता कळतंय, तरी अजून भांडायचं आहे मला त्यावर.

३३ चं पटलं. मी मोजलं.

कट्टा रविवारी असतो ना? साडेदहाला येतो. पुस्तकाच्या दोन प्रती आणतो, एक खुणा करायला. बहीण पण येणार म्हणतेय.